आरसा नसलेली कोठडी

(ब्राझीलचे गायक काएतानो वेलोझो यांच्यावरील 'नार्सिसो एं फेरियास' हा अनुबोधपट दाखविल्यानंतर केलेल्या भाषणाचा मजकूर)

चौऱ्यांशी मिनिटे आपण एका माणसाकडे पाहत बसलो होतो. करड्या काँक्रीटची एक भिंत, तिच्यापुढे एक खुर्ची, आणि त्या खुर्चीवर बसलेला, पंचाहत्तरी उलटलेला एक सडपातळ गृहस्थ. तो बोलतो, थांबतो, हसतो, मधूनच गिटार मांडीवर घेतो, काही जुने कागद वाचून दाखवतो. यापलीकडे पडद्यावर काही घडत नाही. आता दिवे लागले तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच विचारले, 'चित्रपट सुरू केव्हा होणार होता?' प्रश्न थट्टेचा होता; पण मला तो विचार करण्याजोगा वाटतो, आणि माझ्या भाषणाचा आरंभ मी त्याच्यापासूनच करतो.

साठ वर्षे गाणारा, आपल्या देशातील लहानथोरांच्या ओठांवर ज्याची गाणी आहेत असा हा कलावंत. त्याचे चरित्र पडद्यावर आणायचे तर सामग्रीची वाण कसली? रेनातो तेर्रा आणि रिकार्दो कालिल या दोन दिग्दर्शकांना ती सामग्री हाताळता येत नव्हती असेही नाही. ऑक्टोबर १९६७ मध्ये साओ पाउलो येथे दूरचित्रवाणीवर झालेल्या गीतस्पर्धेच्या एका रात्रीवर त्यांनीच २०१० साली एक अनुबोधपट केला होता. त्यात जुनी चित्रफीत, टाळ्या, हुर्यो, पडद्यामागची धावपळ सारे काही होते. तेच दोघे सप्टेंबर २०२० मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात हा चित्रपट घेऊन आले, आणि त्यात एकही जुने दृश्य नाही, दुसरा एकही साक्षीदार नाही. हे दारिद्र्य पत्करलेले आहे. ते का पत्करले, हे समजले तर हा चित्रपट समजला, असे मला वाटते.

प्रथम या माणसाची थोडी ओळख करून घेऊ. काएतानो वेलोझो यांचा जन्म ७ ऑगस्ट १९४२ चा, बाईया प्रांतातील सांतो आमारो या गावी. हा उसाचा आणि साखरेचा मुलूख. आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या घामावर तो उभा राहिला. ब्राझीलमध्ये असे सुमारे ४८ लाख गुलाम उतरविण्यात आले, आणि अमेरिका खंडांत गुलामगिरी सर्वांत शेवटी, १८८८ साली, रद्द केली ती याच देशाने. त्या भूमीचे ढोल, त्या भूमीची दैवते आणि पोर्तुगीज भाषेचा गोडवा घेऊन हे संगीत वाढले. काएतानोंची धाकटी बहीण मारिया बेतानिया हीही मोठी गायिका. भावाच्या आधी तीच नावारूपाला आली. आणि त्यांचा जन्माचा सोबती जिल्बेर्तो जिल, तोही बाईयाचाच.

बाईयाची राजधानी साल्वादोर. गांधीजींच्या हत्येनंतर वर्षभराने, १९४९ च्या कार्निव्हलमध्ये, तेथील गोदी कामगारांनी 'गांधींची लेकरे' या नावाचे एक पथक काढले. पांढरी वस्त्रे, डोक्याला फेटा, आणि तोंडी आफ्रिकी दैवतांची गाणी. ज्या बंदरात गुलामांची जहाजे लागली, त्याच बंदरातल्या हमालांनी गांधींचे नाव घेऊन नाचावे ही गोष्ट लहान नाही. पुढे हे पथक मोडकळीला आले असता जिल त्यात जाऊन सामील झाला, त्याच्यावर त्याने गाणे रचले, आणि पथकाला पुन्हा ऊर्जितावस्था आली. हाच जिल २००३ ते २००८ या काळात ब्राझीलचा सांस्कृतिक मंत्री होता.

आणखी एक धागा आपल्या जवळचा आहे. या चित्रपटाची भाषा पोर्तुगीज. १९५५ च्या गोवा सत्याग्रहात नानासाहेब गोरे, मधु लिमये आणि त्यांचे सहकारी ज्या तुरुंगांत पडले, तेथे हीच भाषा त्यांच्या कानावर पडत होती. पण तेथे ती शिपायाची, दंडाधिकाऱ्याची भाषा होती. या चित्रपटात तीच भाषा कैद्याची झालेली आपण ऐकतो. भाषेला स्वतःची अशी बाजू नसते; ती कोणाच्या तोंडी आहे यावर तिची बाजू ठरते.

आता घटनेकडे येऊ. १९६४ च्या एप्रिलमध्ये लष्कराने राष्ट्राध्यक्ष ज्वाओ गुलार्त यांची लोकनियुक्त राजवट उलथून टाकली. पहिली काही वर्षे या राजवटीने थोडा आडपडदा ठेवला होता. गाणी, नाटके, वर्तमानपत्रे यांना काही मोकळीक होती, आणि त्या मोकळिकीतच १९६७-६८ मध्ये काएतानो, जिल, गाल कोस्ता, टॉम झे यांनी 'त्रोपिकालिया' या नावाने ओळखली जाणारी चळवळ उभी केली. तिच्यात खेड्यातले लोकगीत होते, बीटल्स होते, विजेवर वाजणारी गिटार होती, रेडिओवरचे रडके प्रेमगीत होते आणि नवकवितेचे प्रयोगही होते. चांगल्या अभिरुचीने जे जे वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवायचे, ते ते या मंडळींनी एकत्र ओतले.

येथे आपल्याला, म्हणजे स्वतःला डावे म्हणविणाऱ्यांना, थोडी अडचणीची वाटणारी गोष्ट सांगितली पाहिजे. या तरुणांवर प्रथम चवताळून उठले ते लष्करी अधिकारी नव्हेत. जुलै १९६७ मध्ये साओ पाउलोच्या रस्त्यांवर विजेच्या गिटारविरुद्ध मोर्चा निघाला होता. गिटार ही अमेरिकन साम्राज्यवादाची वस्तू, राष्ट्रीय संगीताला धोका, असे मोर्चेकऱ्यांचे म्हणणे. त्या मोर्चात जिलसुद्धा चालला होता; काएतानोंनी तो एका हॉटेलच्या खिडकीतून खिन्नपणे पाहिला. पुढे सप्टेंबर १९६८ मध्ये साओ पाउलोच्या कॅथलिक विद्यापीठाच्या नाट्यगृहात ते गायला उभे राहिले, तेव्हा डाव्या विद्यार्थ्यांनी त्यांच्यावर अंडी आणि टोमॅटो फेकले. गाणे थांबवून काएतानोंनी त्या गदारोळातच विद्यार्थ्यांची कानउघाडणी केली. तुमची राजकारणाची समज तुमच्या कलेच्या समजेइतकीच असेल तर आपली धडगत नाही, असा त्या बोलण्याचा आशय होता.

विद्यार्थी मनाने वाईट नव्हते. त्यांच्यापैकी कित्येक पुढे तुरुंगात गेले, काही जिवाला मुकले. पण प्रतिकाराचे गाणे कसे असावे याचा एक साचा त्यांनी ठरवून टाकला होता, आणि साच्यात न बसणारा तो शत्रूचा, असा त्यांचा हिशेब होता. हा हिशेब किती चुकीचा होता हे दाखवून द्यायला लष्कराला फार काळ लागला नाही.

१३ डिसेंबर १९६८ रोजी राष्ट्राध्यक्ष कोस्ता इ सिल्वा यांनी संस्थात्मक कायदा क्रमांक पाच जारी केला. संसद बंद झाली. राजकीय गुन्ह्यांच्या बाबतीत बंदी-प्रत्यक्षीकरणाचा अधिकार गेला. म्हणजे कुणाला उचलून नेले तर 'आमचा माणूस कोठे आहे?' असे न्यायालयात विचारण्याची सोय उरली नाही. दोन आठवड्यांनी, २७ डिसेंबरच्या सकाळी, पोलिस काएतानोंच्या साओ पाउलोतील घरी आले. काएतानो आणि जिल या दोघांना मोटारीत घालून रिओला नेण्यात आले. आरोप सांगितला नाही. मुदत सांगितली नाही. वर्तमानपत्रांना छापू दिले नाही. देशातील दोन अत्यंत प्रसिद्ध गायक एका सकाळी नाहीसे झाले, आणि देशाला पत्ता नव्हता.

रिओच्या तिजुका भागात, बाराँव दे मेस्किता रस्त्यावर, लष्करी पोलिसांची एक छावणी आहे. तेथील एकांतकोठडीत काएतानोंना सुमारे आठवडाभर ठेवले होते. जमिनीवर अंथरायला एक घोंगडी, आणि त्याच जागेत शौचाची सोय. ते काय सांगतात ते आपण आता ऐकले. मारहाण झाली, असे ते म्हणत नाहीत. ते सांगतात ते अधिक भयंकर आहे. थोड्याच दिवसांत त्यांना असे वाटू लागले की आपले आयुष्य म्हणजे ही कोठडीच, हिच्या आधीचे जे काही आठवते ते कधी घडलेच नसावे. रडू येईनासे झाले. शरीर आपले राहिले नाही. आणि दोन महिने त्यांना आरसा दिसला नाही.

चित्रपटाचे नाव येथून आलेले आहे. नार्सिसस हा ग्रीक पुराणातला, पाण्यात स्वतःचेच प्रतिबिंब पाहून मोहित झालेला तरुण. स्कॉट फिट्झजेराल्डच्या एका कादंबरीतील प्रकरणाचे नाव घेऊन काएतानोंनी १९९७ च्या आपल्या आत्मकथनातील तुरुंगवासाच्या प्रकरणाला 'सुट्टीवर गेलेला नार्सिसस' असे नाव दिले. रंगमंचावर वावरणारा सव्वीस वर्षांचा देखणा गायक, आणि त्याला स्वतःचा चेहराच दिसत नाही! नावात विनोद आहे, पण त्या विनोदाखाली हुकूमशाहीच्या कामाची रीत दडलेली आहे. माणसाला ठार करणे हा तिचा शेवटचा उपाय असतो. त्याआधी त्याची स्वतःशी असलेली ओळख पुसून टाकायची, हा तिचा रोजचा उद्योग.

अशा अवस्थेत बुद्धिमान माणूसही शकुनांच्या आहारी कसा जातो, हे काएतानो न लाजता सांगतात. पहारेकऱ्यांच्या रेडिओवरून गाणी ऐकू येत. बीटल्सचे 'हे ज्यूड' लागले की सुटका जवळ आली, दुसरे एखादे लागले की अनर्थ, अशी गणिते ते मनाशी मांडत. झुरळ मारावे की मारू नये, याचेही नियम ठरले होते. ज्याच्या हाती काहीच उरत नाही तो चिन्हांवर सत्ता गाजवू पाहतो. अंधश्रद्धेला हसणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे जपून ऐकण्यासारखे आहे. अंधश्रद्धा नेहमीच अज्ञानातून येते असे नाही. असहायतेतूनही ती उगवते.

पुढे त्यांना दुसऱ्या छावणीत हलविले. तेथे रात्री छळ होणाऱ्या माणसांच्या किंकाळ्या ऐकू येत. एके दिवशी त्यांना बाहेर काढण्यात आले. मागे बंदूकधारी शिपाई, आणि पुढे चालत राहायचे, मागे वळून पाहायचे नाही असा हुकूम. आता आपल्याला गोळी घालणार, याविषयी त्यांना शंका उरली नाही. चालत चालत ते पोचले ते न्हाव्यापुढे. त्यांचे ते लांब, कुरळे, प्रसिद्ध केस कापायचे होते. मरणाच्या दारातून परत आल्याचा आनंद आणि अपमान असा एकाच क्षणी वाट्याला आला. सभ्य गृहस्थांना केसांचा प्रश्न क्षुल्लक वाटेल. लष्कराला तो तसा वाटला नव्हता.

त्या अंधारात तीन झरोके होते. तुरुंगातच असलेले प्रकाशक एनिओ सिल्वेरा यांच्याकडून त्यांना दोन पुस्तके मिळाली. त्यांतील एक होती 'द आउटसायडर' या नावाने आपल्याकडे वाचली गेलेली आल्बेर काम्यूची कादंबरी. दुसरा झरोका त्यांची पत्नी देदे हिने आणलेल्या एका साप्ताहिकाचा. त्यात पृथ्वीची, अंतराळातून घेतलेली, पूर्ण गोल छायाचित्रे होती. अपोलो ८ चे यान चंद्राला प्रदक्षिणा घालून परतले तो दिवस २७ डिसेंबर १९६८ चा, म्हणजे काएतानोंच्या अटकेचाच. माणसाने आपले घर प्रथमच बाहेरून पाहिले, आणि ते छायाचित्र ज्याच्या हाती पडले त्याला चार पावलांपलीकडे चालता येत नव्हते. दहा वर्षांनी, १९७८ मध्ये, त्यातून त्यांचे 'तेर्रा' म्हणजे 'पृथ्वी' हे गाणे झाले. तिसरा झरोका धाकट्या बहिणीच्या हसण्याचा. इरेने हिचे हसणे आठवत त्यांनी तुरुंगात, हाताशी गिटार नसताना, एक छोटे गाणे रचले. ज्या ठिकाणी रडूही येत नव्हते त्या ठिकाणी बहिणीचे हसू आठवणे हा केवळ हळवेपणा नव्हे. आरसा काढून घेतलेल्या माणसाने दुसऱ्याच्या चेहऱ्यात स्वतःला शोधले, असे मी म्हणेन.

आणि एक माणूस विसरता कामा नये. बाईयाचाच एक काळा सार्जंट तेथे होता. देदेला कोठडीत येऊ देऊन तो बाहेर राखण करीत उभा राही, म्हणजे नवरा-बायकोला चार क्षण एकांतात मिळावेत. हे उघडकीस आले आणि त्या सार्जंटलाच अटक झाली. त्याचे नाव इतिहासात नाही. पण गणवेश घातलेला प्रत्येक माणूस यंत्र होतोच असे नाही, हे सिद्ध करण्यासाठी असा एक पुरेसा असतो. आणि त्याला शिक्षा झाली, यावरून यंत्राला नेमके कशाचे भय वाटते तेही कळते.

आता कागदांविषयी. पन्नास वर्षांनंतर अभिलेखागारातून काएतानोंच्या चौकशीची फाईल बाहेर आली, आणि कॅमेऱ्यापुढे त्यांनी स्वतःचीच जबानी वाचली. अटकेनंतर कित्येक दिवसांनी प्रथमच त्यांना आरोप समजला होता. रिओतील एका रात्रीच्या कार्यक्रमात त्यांनी आणि जिलने 'त्रोपिकालिया' या गाण्याच्या चालीवर राष्ट्रगीताचे विडंबन गायले, असा कुण्या कार्यक्रम-निवेदकाने बोभाटा केला होता. असे काही घडलेच नव्हते. त्यावर या तरुणाने मेजरसाहेबांना काय उत्तर दिले? राष्ट्रगीताच्या ओळी दहा अक्षरांच्या, माझ्या गाण्याच्या ओळी आठ अक्षरांच्या. एकाचे शब्द दुसऱ्याच्या चालीत बसणारच नाहीत! लष्करी चौकशीत, जिवावरचा प्रसंग असताना, आरोपी वृत्तशास्त्राच्या आधारे आपला बचाव करतो, आणि लष्कराचा कारकून ते इमानेइतबारे टंकलिखित करतो. वाचताना काएतानो खळखळून हसतात, आणि आपणही हसलो. पण हसताना हेही ध्यानात आले की, खोट्या आरोपाला खरे उत्तर द्यावे लागणे हीच मुळात शिक्षा आहे.

त्या फाईलमध्ये आणखी एक शब्द आहे. काएतानोंची गाणी उलथापालथ घडविणारी तर आहेतच, शिवाय ती पौरुष नष्ट करणारी आहेत, असे लष्कराने नोंदविले आहे. मला या चित्रपटातला हा सर्वांत मोलाचा पुरावा वाटतो. विद्यार्थ्यांना ज्याच्यात राजकारण दिसले नाही त्याच्यात लष्कराला ते स्वच्छ दिसले. पुरुषाने कसे असावे, केस किती ठेवावेत, कंबर किती हलवावी, कोणत्या स्वरात गावे, हे सारे हुकूमशाहीच्या कारभारात मोडते. ज्याने हुकूम पाळायचा त्याचे शरीर आधी ताठ उभे करावे लागते. जो गाताना सैल सोडतो, लडिवाळ होतो, तो शिस्तीच्या मुळावर घाव घालतो. घोषणा देणारा एक नियम मोडतो. हा माणूस नियम मानणारे मनच मऊ करून टाकीत होता. ज्यांनी अंडी फेकली त्यांना हे समजले असते तर प्रतिकाराला एक मोठे अंगण मिळाले असते.

१९ फेब्रुवारी १९६९ रोजी, चोपन्न दिवसांनी, दोघे सुटले. कार्निव्हल आदल्याच दिवशी संपला होता. तो भस्म-बुधवार होता. नंतर साल्वादोर शहरात स्थानबद्धता, पोलिसांपुढे रोजची हजेरी, गाण्यास बंदी. जुलैमध्ये प्रवासखर्चापुरते दोन कार्यक्रम करू देऊन दोघांना देशाबाहेर घालविण्यात आले. लंडनचा वनवास जानेवारी १९७२ मध्ये संपला. मध्यंतरी १९७१ मध्ये आईवडिलांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसासाठी काएतानोंना थोडे दिवस येऊ दिले, तेव्हा अधिकाऱ्यांनी त्यांना चौकशीसाठी बसवून घेऊन अॅमेझॉनच्या अरण्यातून जाणाऱ्या नव्या महामार्गाच्या स्तुतीचे गाणे रचण्याची गळ घातली. त्यांनी ते रचले नाही.

या चित्रपटावर एक आक्षेप घेता येईल, आणि तो मी स्वतःच घेतो. एका प्रसिद्ध माणसाच्या चोपन्न दिवसांना चौऱ्यांशी मिनिटे द्यायची, तर ज्यांच्या किंकाळ्या त्याने ऐकल्या त्यांना किती द्यायची? सत्यशोधन आयोगाने डिसेंबर २०१४ च्या अहवालात त्या राजवटीच्या मृत आणि बेपत्ता बळींची संख्या ४३४ अशी दिली. शिवाय किमान ८,३५० आदिवासी त्या काळात मारले गेले किंवा मरू दिले गेले, असेही त्याच अहवालात नमूद आहे. आणि ज्या बाराँव दे मेस्किता रस्त्यावरच्या छावणीत काएतानोंची एकांतकोठडी होती, तेथेच जानेवारी १९७१ मध्ये माजी खासदार रुबेन्स पाइवा यांचा छळ करून बळी घेण्यात आला. त्यांचे प्रेत कधीही मिळाले नाही. वाल्तेर सालेस यांच्या २०२४ च्या 'आइंदा एस्तोउ आकी' या चित्रपटाने त्यांच्या कुटुंबाची कहाणी जगापुढे आणली. काएतानो त्या दारातून आत गेले आणि बाहेर आले. पाइवा बाहेर आले नाहीत.

आक्षेप खरा आहे. पण चित्रपटाची ती रिकामी चौकट मला त्याचेच उत्तर वाटते. काएतानो एकदाही हुतात्म्याचा आव आणीत नाहीत. त्यांच्यावर जे बेतले ते ते तोलून मापून सांगतात. कमी नाही आणि जास्तही नाही. एका जागी आवाज फुटतो, तेव्हा ते थांबतात. दिग्दर्शकांनी संगीत, जुनी दृश्ये, जाणकारांची मते घातली असती तर आपण एका ताऱ्याचे चरित्र पाहून सुखाने घरी गेलो असतो. त्यांनी एक खुर्ची ठेवली. न्यायालयात साक्षीदाराला बसवतात तशी. जो न्याय झालाच नाही, त्या न्यायासनापुढची ही साक्ष आहे. आणि साक्षीदाराच्या बाजूची मोकळी भिंत पाहताना, तेथे बसायला जे उरले नाहीत त्यांची आठवण येते.

न्याय का झाला नाही? १९७९ च्या सर्वमाफीच्या कायद्यामुळे. वनवासातील माणसे परत आली, कैदी सुटले, हे चांगले झाले. पण त्याच कायद्याने छळ करणारेही माफ झाले. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा ग्राह्य धरला. ज्याला शिक्षा नाही त्याला लाज नाही. एप्रिल २०१६ मध्ये दिल्मा रूसेफ यांच्यावरील महाभियोगाचे मत देताना जाइर बोल्सोनारो या खासदाराने ते मत कर्नल उस्त्रा याच्या स्मृतीला अर्पण केले. उस्त्रा हा साओ पाउलोतील छळकेंद्राचा प्रमुख, आणि रूसेफबाई स्वतः १९७० मध्ये तेथे छळ सोसलेल्या. जानेवारी २०१९ मध्ये हेच गृहस्थ राष्ट्राध्यक्ष झाले. हा चित्रपट त्यांच्याच कारकिर्दीत प्रदर्शित झाला, हे विसरून तो पाहता येणार नाही. विसरणे हे सरकारी धोरण झाले असताना एका म्हाताऱ्या गायकाने खुर्चीवर बसून तारीखवार आठवणे, हे राजकीय कृत्य आहे.

त्यानंतर काही कागद बदलले. जानेवारी २०२५ मध्ये रुबेन्स पाइवा यांचा मृत्यूचा दाखला दुरुस्त झाला; मृत्यू अनैसर्गिक, हिंसक, आणि राज्यसंस्थेने घडविलेला, असे आता त्यात लिहिलेले आहे. ११ सप्टेंबर २०२५ रोजी उठावाच्या कटाबद्दल बोल्सोनारो यांना २७ वर्षे ३ महिन्यांची शिक्षा झाली, आणि त्यांच्याबरोबर सेनानीही दोषी ठरले. लगेच पुन्हा माफीची भाषा सुरू झाली. २१ सप्टेंबर रोजी रिओच्या कोपाकबाना किनाऱ्यावर माफीच्या विरोधात लोक जमले, तेव्हा गायला कोण उभे होते? काएतानो, जिल आणि शिको बुआर्के. तिघेही ऐंशी ओलांडलेले, तिघेही त्या राजवटीत देशाबाहेर काढलेले अथवा निघून जावे लागलेले.

मित्रहो, मागच्या रांगेतल्या मित्राला माझे उत्तर आता देतो. चित्रपट सुरू झाला होता तो १९६८ च्या डिसेंबरात, आणि तो अजून संपलेला नाही. राज्यकर्त्यांकडे कागद असतात, शिक्के असतात, माफीचे कायदे असतात. माणसाकडे आठवण असते. कागद खोटे लिहू शकतो, पण आठवण खरी सांगणारा एक जरी माणूस खुर्चीवर बसायला तयार असेल, तर पन्नास वर्षांनी त्या कागदालाही साक्ष द्यावी लागते. ज्याचा आरसा काढून घेतला होता तो आज साऱ्या देशापुढे आरसा धरून बसला आहे. त्यात पाहण्याचे धैर्य हवे, एवढेच.